लिओपोल्ड्सक्रोनची उन्हाळी शाळा

ऑस्ट्रियातील साल्झबर्ग नगरात एका तळ्याच्या काठी लिओपोल्ड्सक्रोन नावाचा प्रासाद उभा आहे. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) हा चित्रपट पाहिलेल्यांच्या परिचयाचे हे तळे; मुलांची होडी उलटते ती याच पाण्यात. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला या वास्तूचे मोल वेगळ्याच कारणासाठी वाटते. १९४७ च्या उन्हाळ्यात, दोनच वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांचे देश एकमेकांचे रक्त सांडीत होते असे तरुण येथे एका छपराखाली राहिले, एका पंगतीला जेवले आणि एकत्र बसून शिकले.

या शाळेची कल्पना कुठल्याही सरकारची नव्हती. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात क्लेमेन्स हेलर हा मूळचा ऑस्ट्रियन विद्यार्थी होता. नाझींच्या आक्रमणामुळे त्याला मायदेश सोडावा लागला होता. युद्धानंतर युरोपला अन्नधान्य पाठविले जात होते. पण केवळ पोटाची भूक भागवून भागणार नाही, विचारांचीही उपासमार झाली आहे, हे त्याने ओळखले. रिचर्ड कॅम्पबेल हा विद्यार्थी आणि स्कॉट एलेज हे तरुण अध्यापक त्याला येऊन मिळाले. विद्यापीठाच्या वरिष्ठांनी फारसा उत्साह दाखविला नाही. विद्यार्थी मंडळाने मात्र पाठबळ दिले. ज्या वर्षी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी युरोपच्या आर्थिक पुनर्बांधणीची योजना मांडली, त्याच वर्षी या तिघांनी मनांच्या पुनर्बांधणीची आपली छोटी योजना अमलात आणली.

युरोपातील निरनिराळ्या देशांतून सुमारे शंभर विद्यार्थी आले. त्यांत जर्मन होते आणि जर्मनांनी ज्यांचे देश तुडविले होते तेही होते. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड, अर्थशास्त्रज्ञ वासिली लिओन्तिएफ, साहित्याचे अभ्यासक एफ. ओ. मॅथिसन आणि आल्फ्रेड केझिन अशी थोर मंडळी शिकवावयास होती. विषय अमेरिकेच्या संस्कृतीचा, साहित्याचा व अर्थव्यवस्थेचा. परंतु राजकारण दाराबाहेर थांबणे शक्यच नव्हते. ऑस्ट्रिया तेव्हा चार विजेत्या राष्ट्रांत वाटला गेला होता. साल्झबर्ग अमेरिकन लष्कराच्या ताब्यात होते, आणि या मोकळ्या चर्चांकडे लष्करी अधिकारी संशयाने पाहत होते. मॅथिसन यांनी प्रारंभीच्या भाषणात सांगितले, की आपण विजेत्यांच्या ऐटीत आलेलो नसून माणसांचा तुटलेला संवाद पुन्हा जोडावयास आलो आहोत.

आता या वास्तूचा पूर्वेतिहास पाहू. तो आपणां कॅथलिकांना अंतर्मुख करणारा आहे. हा प्रासाद १७३६ च्या सुमारास साल्झबर्गचे महागुरुस्वामी लिओपोल्ड अँटन फिर्मियान यांनी बांधविला. त्या काळी साल्झबर्गचे महागुरुस्वामी हे धर्माधिकारी आणि राजेही असत. याच फिर्मियान यांनी १७३१ साली आज्ञापत्र काढून आपल्या राज्यातील प्रॉटेस्टंट प्रजेला हद्दपार केले. ज्यांच्या नावे जमीन नव्हती अशा मजूर व गडीमाणसांना निघण्यासाठी अवघ्या आठ दिवसांची मुदत मिळाली. ऐन हिवाळ्यात माणसे डोंगरवाटांनी निघाली. एकूण सुमारे वीस हजार लोक देशोधडीला लागले. त्यांतील बहुसंख्यांना प्रशियाच्या राजाने आसरा दिला. काहीजण थेट अमेरिकेतील जॉर्जियापर्यंत पोहोचले.

दोनशे वर्षांनी त्याच घराने दुसरी हद्दपारी पाहिली. १९१८ साली विख्यात नाट्यदिग्दर्शक मॅक्स राइनहार्ट यांनी हा प्रासाद विकत घेतला. साल्झबर्गचा जगप्रसिद्ध कलामहोत्सव १९२० मध्ये सुरू करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. पण ते ज्यू होते. १९३८ मध्ये नाझींनी प्रासाद जप्त केला आणि १९४३ साली राइनहार्ट यांचा न्यूयॉर्क येथे परदेशातच अंत झाला. त्यांची पत्नी, अभिनेत्री हेलेन थिमिग, यांनी हेलरला या शाळेसाठी वास्तू वापरावयास दिली. ज्या कुटुंबाला घरातून उठविले गेले, त्याच कुटुंबाने कालच्या शत्रूंच्या मुलांना ते घर उघडून दिले. या शाळेचा पहिला पाठ वर्ग भरण्यापूर्वीच दिला गेला होता, असे म्हणावयास हवे.

अशा शिक्षणाने भविष्य कळू लागते काय? मॅथिसन त्याच शरद ऋतूत प्राग येथील चार्ल्स विद्यापीठात शिकवावयास गेले. पूर्व आणि पश्चिम यांमधील सेतू चेकोस्लोव्हाकिया होईल, अशी आशा त्यांच्या मनात होती. फेब्रुवारी १९४८ मध्ये तेथे कम्युनिस्टांनी सत्ता हस्तगत केली. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री यान मासारिक यांचा मृतदेह मंत्रालयाच्या अंगणात आढळला. देशात राहून, तेथील तरुणांशी बोलूनही एका विद्वानाला येऊ घातलेले वादळ पुरते दिसले नाही. आज परदेशांतील उन्हाळी शाळांतून ‘राजकीय जोखीम’ हा विषय शिकविला जातो. कोणत्या देशातील सरकार टिकेल, कोठे भांडवल गुंतविणे धोक्याचे, यांची अनुमाने तेथे बांधतात. ते ज्ञान उपयुक्त आहे. पण प्रागचा अनुभव त्याची मर्यादा दाखवितो. सद्भावना ही दूरदृष्टीची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून लिओपोल्ड्सक्रोनचा प्रयोग फसला असे मात्र नव्हे. एका उन्हाळ्यापुरती योजलेली ती शाळा कायमची संस्था झाली आणि १९५९ साली तिने तो प्रासाद विकतही घेतला. हेलर यांनी पुढे पॅरिसमध्ये फर्नां ब्रोदेल या इतिहासकारासमवेत मानव्यविद्यांची मोठी संस्था उभारली. तेथे आलेल्यांना भविष्य वाचता आले नसेल, परंतु ज्याला शत्रू म्हणून ओळखत होतो त्याचे नाव, त्याचे घर आणि त्याचे दुःख त्यांना कळले.

फिर्मियान यांच्याच गादीवर बसलेले महागुरुस्वामी आंद्रेआस रोराखर यांनी १९६६ साली, दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद संपल्यावर लगेच, त्या हद्दपारीबद्दल प्रॉटेस्टंट बांधवांची क्षमा मागितली. मधे सुमारे दोनशे पस्तीस वर्षे गेली होती. आपली मुले-मुली उद्या राष्ट्राराष्ट्रांचे राजकारण शिकावयास जातील तेव्हा त्यांनी नकाशे आणि आकडे अवश्य अभ्यासावेत. त्याचबरोबर, येथे कोणाला किती दिवसांची मुदत देऊन घराबाहेर काढले जात आहे, हेही प्रत्येक देशाविषयी विचारावे.