बॉर्डर कॉली

इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ प्रदेशात मेंढ्या वळण्यासाठी पैदास केलेली कुत्र्याची एक जात. खांद्याजवळ उंची सु. ४६ ते ५६ सेंमी. व वजन सु. १४ ते २० किग्रॅ. असते. अंगावर केसांचा दुहेरी थर असतो. रंग बहुधा काळा-पांढरा. तथापि या जातीची घडण रंगरूपावरून न होता कामावरून झाली असल्याने तिच्यात रूपाचे बरेच वैविध्य आढळते.

इंग्रज वैद्य जॉन कीझ यांनी ब्रिटनमधील कुत्र्यांवरील १५७० च्या लॅटिन ग्रंथात, धन्याचा आवाज वा शीळ ऐकून भटकलेल्या मेंढ्या वळवून आणणाऱ्या कुत्र्याचे वर्णन केले आहे. त्या देशातील लांडगे नष्ट झाल्यावर मेंढपाळाला राखणदारापेक्षा अशा मदतनिसाची गरज अधिक होती. धनगरांच्या वाड्यांवरील कुत्री मुख्यतः राखण करतात, हा फरक येथे लक्षात घेण्याजोगा आहे. स्कॉटिश मेंढपाळ-कवी जेम्स हॉग यांनी आपल्या सिरा नावाच्या कुत्र्याची हकीकत लिहून ठेवली आहे. मध्यरात्री उधळलेली सु. ७०० कोकरे त्याने काळोखात, कोणाच्याही मदतीवाचून, पहाटेपर्यंत एकत्र आणली होती. मेंढपाळाच्या उपजीविकेत कुत्र्याचे मोल काय होते, याची कल्पना यावरून येते.

मेंढपाळी कुत्र्यांच्या कामाची एक प्रसिद्ध आरंभीची स्पर्धा वेल्समधील बाला येथे १८७३ मध्ये झाली. ती जेम्स टॉमसन या स्कॉटिश रहिवाशाच्या ट्वीड या कुत्र्याने जिंकली. आजच्या जातीला वळण दिले ते मात्र ॲडम टेल्फर यांनी नॉर्थंबरलंडमध्ये वाढविलेल्या हेंप (१८९३–१९०१) या कुत्र्याने. त्याचा बाप रॉय मोकळ्या स्वभावाचा, तर आई मेग बुजरी व तीव्र नजरेची होती. हेंप न भुंकता, न चावता, अंग चोरून केवळ रोखलेल्या नजरेने मेंढ्या हलवी. शिकारी प्राण्याच्या दबा धरणे, पाठलाग करणे व झडप घालणे या क्रमातील पहिले भाग तीव्र करून शेवटचा भाग दडपलेला, असे या वर्तनाचे स्वरूप आहे. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींच्या वंशावळी हेंपपर्यंत पोहोचतात.

इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी १९०६ मध्ये स्थापन झाली. तिचे चिटणीस जेम्स रीड यांनी १९१५ च्या सुमारास ‘बॉर्डर कॉली’ हे नाव रूढ केले. वंशावळ नसलेल्या कुत्र्यालाही उत्तम काम सिद्ध केल्यास या संस्थेच्या नोंदवहीत स्थान मिळू शकते. याउलट प्रदर्शनांत रूपाच्या ठराविक मानकावर भर असतो. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९७६ मध्ये व अमेरिकन केनेल क्लबने १९९५ मध्ये या जातीला मान्यता दिली. अमेरिकेत काम करणाऱ्या कुत्र्यांच्या पैदासकारांनी या मान्यतेला कडवा विरोध केला. डौलासाठी निवड होऊ लागली, की कळप वळण्याचे गुण काही पिढ्यांतच विरळ होतात, हा त्यांचा आक्षेप सयुक्तिक होता.

घरगुती कुत्रा म्हणून या जातीविषयी होणाऱ्या तक्रारींचे मूळ याच इतिहासात आहे. काम न मिळाल्यास हा कुत्रा मुले, सायकली व मोटारी यांना वळू पाहतो, सावल्यांचा पाठलाग करतो, सामान कुरतडतो. हा स्वभावदोष नव्हे. नुसते धावविल्याने त्याचा दमसास वाढतो, मन मात्र रिकामेच राहते. म्हणून हुकमावर थांबणे, वस्तू शोधून आणणे यांसारखी बुद्धीला राबविणारी कामे रोज द्यावी लागतात. चेसर या कुत्रीला हजारांहून अधिक वस्तूंची नावे शिकविण्यात आली होती, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. स्वस्थ पडून राहण्याची सवयही पिल्लूपणापासून लावावी लागते, कारण ती त्याला उपजत नसते.

उष्ण हवामानात व्यायाम पहाटे व सूर्यास्तानंतर द्यावा. काही कुत्री तीव्र श्रमानंतर अडखळतात व भांबावतात. अशा वेळी काम तत्काळ थांबवून त्यांना सावलीत न्यावे लागते. केस आठवड्यातून दोन-तीन वेळा विंचरावेत. खुब्याच्या सांध्याची सदोष वाढ, अपस्मार व डोळ्यांचे एक आनुवंशिक व्यंग हे विकार या जातीत आढळतात. डोळ्यांचे व्यंग पिल्लांच्या तपासणीने, तर त्याचे सुप्त वाहक जनुकीय चाचणीने ओळखता येतात.