अथेन्समधील एक दुपार



परदेशीं शिकावयास गेलेला तरुण काय शिकला हें त्याच्या पदवीवरून कळतें. परंतु त्यानें काय पाहिलें हें कळावयास त्याच्या मोकळ्या वेळाची चौकशी करावी लागते. अनोळखी शहर, सोबतीस चार मित्र, पाहावयाचीं स्थळें आणि चालतां चालतां रंगलेला वाद, हा अनुभव आपणांस आजचा वाटतो. पण तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. अशाच एका फेरफटक्याची हकीकत मी आज सांगणार आहें. शहर अथेन्स, साल इसवी सनापूर्वीं ७९, आणि ती लिहून ठेवणारा विद्यार्थी म्हणजे रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसरो.

त्या काळीं भूमध्य समुद्राच्या कांठीं रोमची तलवार तळपत होती. पण विद्येसाठीं रोमन तरुणास ग्रीकांच्याच दारीं जावें लागे. सिसरो तेव्हां सत्तावीस वर्षांचा होता. आदल्या वर्षीं एक मोठा खटला जिंकून त्यानें नांव मिळविलें होतें. परंतु देह कृश, मान बारीक आणि बोलण्याची रीत आवेशाची, त्यामुळें वैद्यांनीं व मित्रांनीं त्यास वकिली सोडण्याचा सल्ला दिला. वकिली सोडण्याऐवजीं बोलण्याची पद्धत बदलावी असें ठरवून तो पूर्वेकडे निघाला. अथेन्समध्यें सहा महिने राहून त्यानें अंटायोकस नांवाच्या तत्त्ववेत्त्यापाशीं अध्ययन केलें.

त्याच्या सोबतीस चौघे होते : धाकटा भाऊ क्विंटस, चुलतभाऊ लूसियस, लहानपणापासूनचा सहाध्यायी टायटस पॉम्पोनियस आणि मार्कस पिसो. एके दिवशीं सकाळचें व्याख्यान आटोपल्यावर, दुपारीं प्लेटोच्या अकादमीकडे फिरावयास जावें असें पांचांनीं ठरविलें. त्या वेळीं तेथें गर्दी नसते, हें त्यांतलें सोयीचें कारण. डिपायलॉन नांवाच्या वेशींतून ते बाहेर पडले आणि सुमारें एक किलोमीटरची ती वाट गप्पा मारीत चालून गेले.

अकादमी म्हणजे एखादी इमारत नव्हे, ती एक उपवनभूमी होती. इसवी सनापूर्वींच्या चौथ्या शतकांत प्लेटोनें तेथें आपली शाळा थाटली होती. तेथें पोंचतांच पिसोनें प्रश्न काढला कीं, थोरांची चरित्रें ऐकून मन हलतें त्याहून त्यांच्या वावरण्याच्या जागा पाहून तें अधिक कां हलतें ? त्यास जवळच्या बागेंत प्लेटो दिसूं लागला. क्विंटस काव्याचा भक्त. त्याचें लक्ष समोरच्या कोलोनसच्या टेकाडाकडे गेलें, कारण नाटककार सॉफोक्लीस तेथला, आणि त्याच्या नाटकांतला आंधळा ईडिपसहि तेथेंच आला होता. पॉम्पोनियस एपिक्युरसच्या पंथाचा. त्यास गुरूची बाग आठवली. सिसरोस कार्निआडीस या पंडिताचें रिकामें आसन पाहून गहिंवरल्यासारखें झालें. लूसियस वयानें लहान, लाजाळू. डेमॉस्थेनिस ज्या किनाऱ्यावर लाटांच्या गर्जनेशीं आवाजाची स्पर्धा करी तो किनारा आपण पाहून आलों, आणि आज येतांना वाट थोडी सोडून पेरिक्लीसची समाधिहि पाहिली, हें त्यानें लाजत लाजत कबूल केलें.

पांचांची वाट एक, पण प्रत्येकाचें अथेन्स निराळें ! जो जें घेऊन गेला होता तेंच त्यास तेथें भेटलें. कोणत्याहि शिक्षकास समाधान वाटावें असें हें चित्र आहे, आणि येथेंच थांबतां आलें असतें तर बरें झालें असतें. पण इतिहासाच्या अभ्यासकानें सात वर्षें मागें जाऊन त्याच वाटेवर उभें राहिलें पाहिजे.

इसवी सनापूर्वीं ८८ मध्यें अथेन्सनें रोमविरुद्ध पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याचा पक्ष धरला. पुढील वर्षीं रोमन सेनापति सुल्ला यानें शहरास वेढा घातला. तट फोडण्याच्या यंत्रांस लांकूड कमी पडूं लागतांच त्यानें उपवनांवर कुऱ्हाड चालविली. त्यांत अकादमीचीं झाडें पडलीं. आंत लोक इतके उपाशी कीं चामड्याचीं पादत्राणें उकडून खाऊं लागले, असें चरित्रकार प्लुटार्क लिहितो. इसवी सनापूर्वीं ८६ च्या वसंतारंभीं शहर पडलें आणि कत्तल सुरू झाली. डिपायलॉनच्या आंतील मोहल्ला रक्तानें माखला, आणि तें रक्त वेशींतून बाहेरच्या वस्तींत वाहिलें असें कित्येक सांगत, अशीहि नोंद प्लुटार्कनें केली आहे. आपले पांच मित्र ज्या वेशींतून बाहेर पडले तीच ही वेस.

सिसरोच्या त्या वर्णनांत सुल्लाचें नांव नाहीं. ग्रंथ तत्त्वज्ञानाचा, त्यांत युद्धाची हकीकत कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु त्या पांचांचा विषयच मुळीं असा होता कीं जागा आठवणी जाग्या करतात. जुन्या काळच्या माणसांचे आवाज त्यांस ऐकूं आले. सात वर्षांपूर्वींचे आले नाहींत. अकादमीचा आचार्य फिलो याच युद्धामुळें रोमला पळून आला होता आणि सिसरो त्याचा शिष्य झाला होता. तेव्हां माहिती नव्हती असें म्हणतां येत नाहीं. शिवाय ही आठवण त्यानें लिहिली ती चौतीस वर्षांनीं, इसवी सनापूर्वीं ४५ मध्यें, ज्या वर्षीं त्याची लाडकी मुलगी वारली. चुलतभाऊ लूसियस जाऊनहि तेव्हां वीसांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. शोकांत माणूस तारुण्यांतली रम्य दुपारच आठवणार, हेंहि खरें.

खुद्द सुल्लाहि थोर पूर्वजांचा चाहता होता ! कत्तल थांबवितांना, आपण मेलेल्यांच्या पुण्याईवर जिवंतांस सोडीत आहों, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढले. जुन्या अथेन्सवर प्रेम करणें सोपें होतें; जिंकणाऱ्यासहि तें जमलें. डोळ्यांपुढचें भुकेलें अथेन्स पाहणें अवघड होतें.

तें पाहणारा त्या पांचांत एक होता. पॉम्पोनियस रोममधील यादवी टाळून अथेन्सला येऊन राहिला होता. कॉर्नेलियस नेपॉस त्याच्या चरित्रांत सांगतो कीं, शहरावर कर्जाचा बोजा आला असतां त्यानें वेळोवेळीं स्वतःचा पैसा दिला, भारी व्याज घेतलें नाहीं, आणि एकदां साऱ्या नागरिकांस गहूं वांटला. ग्रीक तर तो असा बोले कीं जन्मानें अथेन्सचाच वाटावा. सुमारें वीस वर्षांनीं तो स्वदेशीं निघाला तेव्हां नगरवासी त्यास डोळ्यांत पाणी आणून निरोप देण्यास लोटले. अथेन्सच्या भोंवतालचा प्रांत अ‍ॅटिका. त्यावरून या रोमन गृहस्थास जें ‘अ‍ॅटिकस’ नांव पडलें त्याच नांवानें जग त्यास आजहि ओळखतें.

आपल्या घरचें कोणी परदेशीं शिकत असेल तर तें जुनीं स्मारकें पाहीलच, आणि तीं त्यानें अवश्य पाहावींत. पत्र येईल तेव्हां त्यास एवढेंच विचारावें : बाळ, त्या स्मारकाच्या सावलींत सध्यां कोण राहतें, आणि तें सुखी आहे काय ?