वेब्लेचें हवेचें पिस्तूल

पहिलें महायुद्ध संपल्यावर लोकांच्या हातीं असलेलीं शस्त्रें ब्रिटिश सरकारास खुपूं लागलीं. १९२० सालीं पार्लमेंटनें शस्त्रांचा कायदा केला. पिस्तूल बाळगावयाचें तर पोलिसांचा दाखला हवा, असें ठरलें. साध्या हवेच्या शस्त्रांस मात्र सूट मिळाली. बर्मिंगहॅमचा वेब्ले अँड स्कॉट हा कारखाना रिव्हॉल्व्हरांविषयीं प्रसिद्ध. त्यानें ही फट हेरली आणि १९२४ सालीं ‘मार्क वन’ हें हवेचें पिस्तूल बाजारांत आणलें.

त्याची घडण डग्लस जॉन्स्टन व जॉन फर्न यांची. पिस्तूल आखूड, आणि हवा दाबावयास कमान तर लांब हवी! त्यांनीं नळी नळकांड्याच्या माथ्यावर बसवून पुढच्या टोंकाशीं बिजागरीनें जोडली. नळी उचलून पुढें लोटली कीं तीच तरफ बनते, दट्ट्या पुढें सरकतो व कमान दाबली जाते. चाप ओढतांच दट्ट्या पुढें न जातां उलट नेमबाजाकडे धांवतो, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. दाबलेली हवा मागील छिद्रावाटें वर नळींत शिरते आणि छर्रा समोर सुटतो.

शंभर वर्षांचें असें पिस्तूल हातीं येतें तेव्हां त्याचा दम बहुधा गेलेला असतो. सांध्यावरची चकती वाळलेली, कमान थकलेली, तेल डिंकासारखें घट्ट झालेलें. हें बदलण्यास कोणाचीच हरकत नसते. वाद आहे तो बाह्यांगाचा. काचकागदानें गंज खरवडून नवी निळी झिलई चढविण्याचा मोह नवशिक्यास आवरत नाहीं. त्या उत्साहांत कारखान्याचें नांव व पेटंटांची ओळ पुसट होऊन जाते. कमान नवी मिळते, तीं अक्षरें मिळत नाहींत. म्हणून जाणता कारागीर तेलाच्या फडक्यानें गंज मऊ करून हलकेच काढतो, आणि पूर्वीच्या धन्याच्या तळव्यानें झिजविलेली झिलई तशीच राहूं देतो. नळकांड्यांत तेलहि तो बेतानेंच घालतो. अधिक झालें तर दाबासरशी तें पेटतें, मोठा बार होतो व धूर निघतो. नळी उघडी असतां चापास बोट लावणें तर सर्वथा वर्ज्य. ती फटकन् मिटते.

मग सुरक्षित भिंतीपुढें दहा पावलांवर पुठ्ठा टांगावा. छर्रा नळींत असतांनाच दट्ट्याच्या धांवेनें पिस्तूल हलतें. यामुळें मूठ करकचून आवळणाऱ्याचे छर्रे चहूंकडे विखुरतात. पिस्तूल सैल, परंतु प्रत्येक वेळीं सारखेंच धरणाऱ्याचीं भोंकें हळूहळू एका रुपयाखालीं झांकूं लागतात.