आकडीआधीचे तीस तास

प्रसंग कल्पित आहे. त्यातली एकेक चूक मात्र घरोघरी होते. सावंतवाडीजवळचं गाव, चवथीचे दिवस, एकोणीस वर्षांचा मुलगा. फिटसाठी कार्बामाझेपिनची 400 मिलिग्रॅमची सीआर गोळी, सकाळी एक, रात्री एक. दोन वर्षांत एकही फिट नाही.

तीन आठवडे आधी
आजीने सगळ्या स्ट्रिप फोडून गोळ्या स्टीलच्या डबीत भरल्या. रोज कात्री कोण शोधणार! डबी स्वयंपाकघराच्या फळीवर, गॅसच्या अगदी वर. बाहेर श्रावणाचा पाऊस, खाली भाताची वाफ. कार्बामाझेपिन ओल धरतं. मग गोळी टणक होते, पोटात नीट विरघळत नाही. न्हाणीघरासारख्या दमट जागी ठेवलेल्या या गोळ्यांचा परिणाम एक तृतीयांशापर्यंत घटू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1990 मध्येच दिला होता. अमेरिकेतल्या न्हाणीघरातलं कपाट आणि आपली ही फळी, दमटपणात फरक असलाच तर आपल्याकडेच जास्त. डबीतल्या गोळ्या दिसायला मात्र जशाच्या तशा.

30 तास आधी, रात्री 11
भजनी मंडळ दारात. गोळी राहिली. झोपायला तीन वाजले. अपुरी झोप हीच अनेकांच्या फिटला पुरेशी असते.

21 तास आधी, सकाळी 8.30
‘काल रात्रीची राहिली ना?’ आईने दोन गोळ्या काढल्या. राहिलेली गोळी आठवताच घ्यावी हे खरं. पण पुढच्या गोळीची वेळ आलीच असेल तर ती सोडून द्यायची असते, दुप्पट करायची नसते. त्यात मुलाचा घसा बसलेला, गिळवेना. आजीने खलबत्ता घेतला, दोन्ही गोळ्या कुटल्या आणि मधातून चाटवल्या. आजीच्या मायेत खोट नव्हती. पिढ्यानपिढ्या पोरांना औषध असंच दिलं जातं. पण सीआर गोळीत औषधाइतकीच तिची बांधणी महत्त्वाची. धरणाचं पाणी पाटाने सोडावं तसं ते औषध बारा तास थोडंथोडं रक्तात जायचं असतं. खलबत्त्याने धरणच फुटलं. काही सीआर गोळ्या मधल्या रेषेवर अर्ध्या करता येतात. कुटायच्या किंवा चावायच्या मात्र नसतात.

साडेअठरा तास आधी, सकाळी 10.45
आरती सुरू होती. मुलाला ताटात दोन निरांजनं दिसू लागली. एक डोळा झाकला की एकच, उघडला की पुन्हा दोन. घंटा हातातून सुटली. भिंत धरत ओसरीपर्यंत गेला आणि तिथे ओकला. एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, उलटी: रक्तात कार्बामाझेपिन एकदम चढल्याची ही नेहमीची लक्षणं. काका म्हणाले, ‘जागरण झालंय. झोपांदे तेका.’

15 तास आधी, दुपारी 2
या तीस तासांतला सगळ्यात महागात पडलेला निर्णय इथे झाला. आईला संशय आला, आणि तो बरोबर होता: गोळीच जड गेली. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा. ‘आज रात्री गोळी नको. चवथ झाल्यावर बांबोळीच्या इस्पितळात दाखवू.’ सणाच्या दिवशी डॉक्टरला फोन कशाला, या संकोचापायी फोन झालाच नाही.

8 तास आधी, रात्री 9
गोळी दिली नाही. सकाळचं औषध काही उलटीत गेलेलं, उरलेलं ओसरत चाललेलं. आधीचे तीन आठवडे रक्तात पातळी किती टिकली होती, कोण जाणे. दहाला पुन्हा मृदंग वाजला. मुलगा उठून बसला.

पहाटे 5.20
माजघरात फिट आली. कोणी कांदा फोडला, कोणी चप्पल नाकाशी धरली, काकांनी दातांत चमचा घालायला घेतला. यातल्या कशानेही फिट थांबत नाही. चमच्याने दात तुटतो. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, आणि घड्याळ बघायचं. घड्याळ कोणीच बघितलं नाही. फिट पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर जिवाला धोका असतो. त्याला दुसरी आली. 108 ला फोन त्यानंतर झाला. अशा वेळी फिट थांबवायला नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा स्प्रे डॉक्टर लिहून देतात. या घरात तो कोणी मागितलेला नव्हता.

मुलगा वाचला. आयसीयूत डॉक्टरांनी गोळ्या मागितल्या, तेव्हा आईने ती डबीच पुढे केली.

तुमच्या घरी फिटची औषधं असतील, तर ती खायच्या वेळेपर्यंत स्ट्रिपमध्येच राहू द्या, आणि स्ट्रिप स्वयंपाकघरापासून दूर, कोरड्या कपाटात ठेवा. गोळीने त्रास झाला तर ती आपल्या मनाने बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन करा, सण असला तरी. आणि गिळवत नसेल तर विचारा: कार्बामाझेपिनचं सिरपही मिळतं. त्याचा डोस आणि वेळा वेगळ्या असतात, त्या डॉक्टर ठरवून देतात.