दातांवरच्या रेघा

माझे वडील बैल घ्यायला बाजारात गेले की आधी त्याचं तोंड उघडून पाहायचे. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला... दात पाहिले की वय कळतं, व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. माणसाचे दातही असंच काही सांगतात, हे मला निवृत्तीनंतर कळलं. जन्मभर इतिहास शिकवला, पण तो सनावळ्यांचा.

कळलं ते इनामगावविषयी वाचताना. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी हे गाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं अख्खं गाव उजेडात आणलं. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं निघाली. दोन मडकी आडवी ठेवून तोंडाला तोंड लावलेली, आत लेकराचा सांगाडा. त्या मुलांचे दात जॉन ल्युकॅक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी तपासले. हवामान आणि खाणंपिणं यांचा मुलांवर काय परिणाम झाला, ते त्यांना दातांवरून शोधायचं होतं.

दातच का? हाड मोडलं तर सांधतं. दातावरचं कवच, म्हणजे एनॅमल, एकदाच तयार होतं, तेही दात हिरडीत असतानाच. त्या दिवसांत मुलाची उपासमार झाली किंवा मोठं दुखणं आलं, की ते काम अडतं आणि दातावर आडवी रेघ किंवा खळगा राहतो. पुढे कितीही चांगलं खा, कितीही दात घासा, ती रेघ जात नाही.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसलो. मला १९८० सालचा पाचवीचा वर्ग आठवला.

तेव्हा मी आपल्या जिल्ह्यातल्या (तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव) एका खेड्यात मास्तर होतो. वर्गातल्या तीन-चार मुलांच्या पुढच्या दातांवर आडव्या, पिवळट रेघा होत्या. त्यातली एक मुलगी फार हसरी. एकदा सगळ्यांदेखत मी तिला म्हणालो, "हसतेस काय, आधी दात घासून ये!" वर्ग हसला. त्यानंतर ती तोंडावर हात ठेवूनच हसायची.

आता हिशेब मांडा. १९८० मध्ये दहा-अकरा वर्षांची मुलं १९७२ च्या दुष्काळात दोन-तीन वर्षांची होती. पुढच्या दातांचं कवच त्याच वयात बनत असतं. आयाबाया खडी फोडायला, तलावाच्या कामावर. घरात मिलोची लाल भाकरी, कामावर मिळणारी सुकडी. गोवरानं किंवा तापानंही अशी रेघ उमटते, त्यामुळे एकेका दाताबद्दल छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण एकाच वयाच्या तीन-चार मुलांना एकाच जागी रेघ असेल, तर मास्तरानं विचार तरी करायला हवा होता. दुष्काळ माझ्यासमोर बाकावर बसला होता आणि मी त्याला आळशी म्हणालो.

मागे एका लग्नात ती भेटली. आता ती आजी झाली आहे. "गुरुजी, ओळखलं का?" म्हणाली. मी तिला हे सगळं सांगितलं, माझं चुकलं म्हणालो. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई सांगायची गुरुजी, त्या साली मला खडीच्या ढिगाशेजारी निजवायची. अंगावर दूध नव्हतं तिच्या." आणि हसली. हात आपोआप तोंडावर गेला.

दातांवरची रेघ दुष्काळाची. तो हात मात्र माझ्यामुळे.

असो. जे अजून शिकवत आहेत त्यांना एवढंच सांगणं, की पोरांच्या तोंडाकडे बघा, पण बोलण्याआधी थोडं थांबा.