प्रेमात पडल्यामुळे गाणी सुचली, हे सिद्ध कसं करणार? माधव ज्यूलियन आणि ‘गज्जलांजलि’

नवा अल्बम आला की गीतकाराची मुलाखत येते आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: मी प्रेमात पडलो आणि ही गाणी सुचली. आमच्या तीर्थपुरीत वरातीत वाजणाऱ्या गाण्यांबद्दलही पोरं हेच म्हणतात, लिहिणाऱ्याचं नक्की काहीतरी झालेलं असणार. ऐकणारा म्हणून तुम्ही खुशाल असं म्हणा. पण उद्या पीएच.डी.च्या आराखड्यात ‘कवीच्या प्रेमानुभवाचा त्याच्या गीतांवरील प्रभाव’ असा विषय टाकलात, तर समितीतलं कुणीतरी शांतपणे विचारेल, की प्रभाव आहे हे दाखवणार कशावरून? गाण्यावरून प्रेम सिद्ध करायचं आणि त्याच प्रेमावरून गाणं समजावून सांगायचं, म्हणजे आपण गोल फिरत राहतो.

मराठीत या प्रश्नासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण माधव ज्यूलियन यांचं आहे. म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, जन्म १८९४, बडोदा. शाळेत तुम्ही त्यांची आईवरची कविता म्हटली असेल, पण त्यांच्या काळात ते गाजले (आणि बदनामही झाले) प्रेमकवितेमुळे. १९१८ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवत होते. तिथे एका विद्यार्थिनीशी त्यांचं नाव जोडलं गेलं, मोठा गदारोळ झाला आणि १९२४ मध्ये त्यांना कॉलेज सोडावं लागलं. मग काही वर्षं अमरावतीला शाळेत शिकवणं आणि १९२८ पासून कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. १९२६ मध्ये ‘विरहतरंग’ हे खंडकाव्य आलं, १९३३ मध्ये ‘गज्जलांजलि’. सरळ गोष्ट वाटते ना? प्रेम, ताटातूट, मग गाणी.

आता याच काळातली बाकीची पुस्तकं त्या यादीत घाला. १९२४ च्या वादळानंतर लगेच, १९२५ मध्ये, त्यांचं काय छापून आलं? फार्शी-मराठी कोश. १९२७ मध्ये ‘छंदोरचना’, वृत्तांचा शास्त्रीय ग्रंथ. म्हणजे ज्या वर्षांत हा माणूस विरहात बुडालेला होता असं आपण धरून चालतो, त्याच वर्षांत तो शब्दांचे अर्थ लावत होता आणि मात्रा मोजत होता. कोश काही एका रात्रीत होत नाही, त्यामुळे हे काम वादळाच्या आधीपासूनच चालू असणार.

मी विज्ञानाचा विद्यार्थी, म्हणून मला हे मोजण्याचं अंग जास्त भावतं. फारसीतला एक चरण घ्या: लघु-गुरु-गुरु-गुरु हा तुकडा चार वेळा. अक्षरं १६, मात्रा २८. मराठीत या वृत्ताला वियद्गंगा म्हणतात. फारसी छंदही ऱ्हस्व-दीर्घावर चालतो आणि आपली संस्कृतातून आलेली गणवृत्तंही, म्हणून हे रोपण जमू शकलं. ते ज्याला दिसलं त्याने आधी दोन्ही परंपरा हाताखालून घातल्या होत्या. प्रेमात पुण्यातले अनेक तरुण पडले असतील. मराठीत गज्जल (ते जोड ज काढूनच लिहायचे) आणली ती फारसीच्या प्राध्यापकाने.

पण मग ती गाणी वाचताना ‘ही नक्की कुणासाठी तरी लिहिलीत’ असं का वाटतं? माझ्या मते याचं अर्धं उत्तर व्याकरणात आहे. फारसीत लिंगभेद नाही. ‘आमद’ म्हटलं की आला, आली, आलं, काहीही समजा. त्यामुळे फारसी गझलेतलं प्रिय माणूस पुरुष, स्त्री की खुद्द परमेश्वर, हे मोकळं राहतं. उर्दूने तर प्रिय व्यक्तीला पुल्लिंगी क्रियापद देण्याचा संकेतच पाळला. मराठीला ही पळवाट नाही. ‘तू आलास’ की ‘आलीस’, ठरवावंच लागतं. ‘आलीस’ लिहिलं की एक बाई उभी राहते, आणि कवीचं प्रकरण गावाला ठाऊक असेल तर तिला नावही मिळतं.

दुसरं कारण रचनेत आहे. गझलेचा प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. एका शेरात विरह, पुढच्यात मद्य, त्यापुढे देवाशी भांडण. अशा सुट्या शेरांतून कुणाचं चरित्र विणता येत नाही. ज्यूलियन यांच्या बऱ्याच गज्जला मात्र एकाच भावनेच्या धाग्यावर सलग चालतात. पुढे सुरेश भटांच्या वळणाच्या जाणकारांनी म्हटलं की ही गझल नव्हे, गझलेच्या वृत्तातली भावगीतं. टीका रास्त आहे, पण तिच्यातच आपल्याला हवी ती गोष्ट आहे. जो प्रकार बोलणाऱ्याला लपवतो, त्याचं त्यांनी एका माणसाचं सलग मनोगत केलं. मग वाचकाने ते कबुलीजबाब म्हणून वाचलं, तर नवल काय?

हे ताडून पाहायला आमच्याच नदीवर एक उदाहरण आहे. गोदावरीकाठाने वर गेलं की पैठण, सातवाहनांची राजधानी. हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत माहाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे ७०० गाथा आहेत, बहुतेक प्रेमाच्या. प्राकृतात लिंगभेद आहे, गाथांतल्या बायका स्वतः बोलतात. तरी हाल कुणाच्या प्रेमात होता, असं कुणी विचारत नाही. एक तर तो संकलक, दुसरं म्हणजे त्याच्या खाजगी आयुष्याचा बोभाटा आपल्यापर्यंत आलेला नाही. म्हणजे नुसतं व्याकरण पुरत नाही, सोबत वाचकाच्या कानावर आलेली गोष्टही लागते.

अशा वाचनाने नुकसान कुणाचं होतं? कवीचं झालंच, नोकरी गेली. पण १९३६ मध्ये ते जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि ‘छंदोरचने’च्या सुधारित आवृत्तीसाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. १९३९ मध्ये गेले तेव्हा ते मानाचे कवी होते. (याच माणसाने १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून मराठीतले फारसी शब्द हटवण्याची बाजू घेतली. त्यांची कविता पुरावा म्हणून वापरणार असाल तर हातातली प्रत कोणत्या आवृत्तीची आहे, हे आधी बघा.)

त्यांच्या आयुष्याबद्दल लिहिताना हाताशी निदान तीन प्रकारची साधनं आहेत. कविता. रविकिरण मंडळातले त्यांचे मित्र कवी गिरीश यांनी लिहिलेलं चरित्र ‘स्वप्नभूमी’. आणि पत्नी लीलाबाई पटवर्धन यांचं ‘आमची अकरा वर्षे’. ‘गज्जलांजलि’ आली तेव्हा लीलाबाई त्याच घरात होत्या, त्यामुळे त्या गाण्यांची ‘ती’ कोण हा प्रश्न त्यांच्या पुस्तकाच्या उजेडात वेगळाच दिसतो. तिन्ही शेजारी ठेवून वाचा. कोण कधी लिहितंय, कुणाला सांभाळून लिहितंय, हे समासात टिपत जा. आणि हेही टिपा, की या तिन्हींपैकी एकही साधन त्या विद्यार्थिनीच्या हातचं नाही.