कट

कट : कापणे हा मूळ अर्थ असलेले इंग्रजी क्रियापद व नाम. इंग्रजी लेखनात ते १३०० च्या आसपास दिसू लागते. त्याआधी कापण्याला रोजचा शब्द होता तो आजच्या ‘कार्व्ह’चा पूर्वज. ‘कट’ने त्याची जागा घेतली आणि ‘कार्व्ह’ कोरीवकामापुरता व ताटात वाढायच्या मांसापुरता उरला. ‘कट’चे मूळ स्कँडिनेव्हियन असावे, असा अंदाज आहे, त्यावर एकमत नाही. वर्तमान, भूत आणि धातुसाधित अशी तिन्ही रूपे एकच असल्याने क्रियापदे पाठ करणाऱ्या मुलांचा तो लाडका.

संस्कृत ‘कृत्’, ‘कर्तन’, मराठी ‘कातर’, ‘कात्री’ यांच्याशी ‘कट’चे नाते जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. मूळ इंडो-युरोपीय ‘क’ इंग्रजीच्या घराण्यात सहसा ‘ह’ होतो (लॅटिन ‘कॉर्नू’, इंग्रजी ‘हॉर्न’), तेव्हा ‘कृत्’चा भाऊबंद इंग्रजीत ‘क’ने सुरू होणे अवघड. गंमत अशी, की ‘शॉर्ट’ हा शब्द मात्र कापणे या अर्थाच्या त्याच प्राचीन धातूपासून आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ‘शॉर्टकट’मध्ये कात्रीचे नातलग शोधायचे, तर ते पहिल्या अर्ध्यात सापडतात.

इंग्रजीत हा शब्द दोर, केस, गवत यांच्यावरून निघून फार लांब गेला. पत्ते पिसल्यावर गड्डी दुभागणे म्हणजे ‘कट’. बाळाला दात येतात तेही ‘कट’नेच सांगतात. वर्ग बुडवणे, किंमत उतरवणे, रांगेत मध्येच घुसणे, ओळखीचा माणूस समोर दिसत असूनही न पाहिल्यासारखे करून पुढे जाणे, या सगळ्यांना हेच क्रियापद चालते. हिऱ्याच्या बाबतीत ‘कट’ म्हणजे पैलूंची प्रमाणबद्धता; रंग, निर्मळपणा आणि कॅरट यांच्या जोडीने हिऱ्याचा दर्जा तिच्यावर ठरतो. गोल ‘ब्रिलियंट कट’ला ५७ किंवा ५८ पैलू असतात व त्याच्या प्रमाणांचे गणित मार्सेल टोलकोव्स्की यांनी १९१९ मध्ये मांडले. सराफाकडचा ‘प्रिन्सेस कट’ हिरा चौकोनी असतो. शिंपीणबाईंकडे त्याच नावाचा ब्लाउज मिळतो. त्याचे चौकोनाशी काही देणेघेणे नाही, तिथे नाव आहे ते छातीवरून कमरेपर्यंत उतरणाऱ्या उभ्या शिवणीचे.

चित्रपटात ‘कट’ दोनदा येतो. चित्रीकरणाच्या जागी दिग्दर्शक ‘कट’ म्हणतो तेव्हा कॅमेरा थांबतो. संकलनाच्या टेबलावरचा ‘कट’ म्हणजे एक दृश्य संपून दुसरे सुरू होते तो सांधा. फिल्म होती तोवर ती तिथे खरोखर कापून चिकटवली जाई. संगणकावरच्या ‘कट-पेस्ट’चीही हीच कथा. संपादक मजकूर कात्रीने कापून दुसरीकडे डकवत. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर (१९४५–२०२०) आणि टिम मॉट यांनी ही कृती पडद्यावर आणली.

क्रिकेटमध्ये ऑफ स्टंपबाहेरचा आखूड चेंडू आडव्या बॅटने पॉइंटच्या आसपास धाडणे म्हणजे ‘कट’. चेंडू जवळजवळ यष्टिरक्षकाकडे पोचू दिल्यावर थर्डमॅनकडे वळवला, तर ‘लेट कट’. मुंबईच्या विजय मर्चंट यांचा तो लौकिकाचा फटका. ‘स्क्वेअर कट’साठी गुंडप्पा विश्वनाथ यांचे नाव घेतात. गोलंदाजाचा ‘कटर’ वेगळा: त्यात बोटे चेंडूच्या कडेवरून ओढून सोडतात, म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू दिशा बदलतो.

मराठीत हा शब्द आला, पण बहुधा जिथे पाते नाही तिथे. पात्याच्या कामांसाठी मराठीचे भांडवल मुबलक होते: भाजी चिरायची, ऊस तोडायचा, सुपारी कातरायची, कापड बेतायचे, आंब्याच्या फोडी करायच्या. म्हणून फोन कट होतो, यादीतले नाव कट होते, रजा जास्त झाल्या की पगार कट होतो. (हल्ली पाककृतींच्या व्हिडिओंत ‘कांदा बारीक कट करून घ्या’ असे ऐकू येते. चिरणे हाताशी असताना ही उसनवारी कशाला?) सोबतचे क्रियापद बदलले की अर्थही फिरतो. गाडी अगदी खेटून पुढे काढणे म्हणजे ‘कट मारणे’, आणि त्यावरून झालेल्या हाणामारीच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत नित्याच्या. ‘कटिंग’ न्हाव्याकडे केले तर केस, टपरीवर मागितले तर चहा. मुंबईत ‘दोन कटिंग’ म्हटले, की अर्ध्या मापाचे दोन छोटे ग्लास येतात.

मराठीचे स्वतःचेही ‘कट’ आहेत, त्यांचा इंग्रजीशी संबंध नाही. एक कारस्थान या अर्थाचा. दुसरा पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे वरचे पाणी, ज्याची कटाची आमटी होते. कोल्हापुरात मिसळीच्या झणझणीत रश्श्यालाही कटच म्हणतात. तोच वड्यावर ओतला की कट वडा.

‘कट’ म्हणजे नफ्यातला वाटा, हा इंग्रजी अर्थ आपल्याकडे सर्वाधिक गाजला तो ‘कट प्रॅक्टिस’मुळे: रुग्ण पाठवल्याबद्दल दुसऱ्या डॉक्टरकडून, प्रयोगशाळेकडून किंवा रुग्णालयाकडून घेतलेले कमिशन. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने असे कमिशन देणे-घेणे दोन्ही निषिद्ध ठरवले. महाराष्ट्रात त्याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये तयार झाला. मराठीत ‘दलाली’सारखा नेमका शब्द असतानाही त्याच्या नावात ‘कट प्रॅक्टिस’च आले.